मास्तरांचं चित्र कुठाय?

परवा घर शिफ्ट करताना एका खोक्यात 2017 सालची म्युझियमची तिकिटं सापडली आणि त्याच्यासोबत आईनं मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं काढलेली चार झाडं. पॉप्लरची. आता ही झाडं आईनं कुठं बघितली असतील, तर सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, एका 46 बाय 65 सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर. तेव्हाच लिहायचं ठरवलेलं, आठ-नऊ वर्षं गेली, असो.

आई सांगलीला शाळेत ड्रॉइंग शिकवायची. पस्तीसेक वर्षं. इलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना किती पोरं बसवली असतील तिचं तिलाच माहीत. स्मरणचित्र, स्थिरचित्र, संकल्पचित्र हे शब्द आमच्या घरात भाजी-आमटीसारखे वापरले जायचे. आणि मी तिची मुलगी असून मला साधा माठ सुद्धा दोन्ही बाजूंनी सारखा काढता येत नाही, हे दुःख तिनं कधी बोलून दाखवलं नाही पण मला माहितीय. तर ती त्या वर्षी आमच्याकडे कॅलिफोर्नियात सनीवेलला आली होती, तीन महिने, आणि पहिल्या पंधरा दिवसांतच कॉस्टको, मंदिर, गोल्डन गेट सगळं उरकून झालं होतं आणि ती बाल्कनीत बसून समोरच्या पार्किंगची चित्रं काढायला लागली तेव्हा मी म्हटलं आता हिला कुठंतरी न्यायलाच पाहिजे.

तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या लीजन ऑफ ऑनर म्युझियमला मोनेच्या, म्हणजे फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या, सुरुवातीच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. म्हणजे कमळाची तळी वगैरे काही नाही, 1858 पासून 1872 पर्यंतचीच, साठेक चित्रं. मी खरं सांगते मला जरा फसवणूक झाल्यासारखं वाटलं, मोने म्हटल्यावर माणसाला कमळं पाहिजेत. आई म्हणाली, "बरंय की, पोरगा शिकत असतानाचं बघायला मिळेल, नंतरचं तर कॅलेंडरवर पण असतं."

म्युझियम लिंकन पार्कात एका टेकाडावर आहे, पार्किंगमधून उतरलो तर एवढं धुकं की खाली समुद्र आहे हे ऐकू येत होतं फक्त. आईनं शालीवर माझं जॅकेट घातलं होतं. आत गेलो, आणि सुरुवातीलाच ते चित्र. नाव 'रुएलचं दृश्य'. साल 1858. मोने तेव्हा सतरा वर्षांचा. अठरा व्हायचा होता. म्हणजे आपल्याकडं बारावीचं पोरगं.

आता चित्रात काय आहे तर म्हटलं तर काहीच नाही. अर्ध्याच्या वर निळं आकाश, क्षितिजाकडं फिकट होत गेलेलं. खाली हिरवं कुरण, एक ओहोळ, त्यात वरच्या झाडांचं प्रतिबिंब, सरळसोट उभी पॉप्लरची झाडं, काठाशी एक बारीकशी माणसाची आकृती. बस. सगळं नीट, सगळं जागच्या जागी, रंग गुळगुळीत लावलेला, पानं एकेका ठिपक्यानं काळजीपूर्वक काढलेली, सावलीतला हिरवा काळपट. पुढं ज्या माणसानं सावलीत निळा-जांभळा भरून लोकांना वेड लावलं त्याचं हे चित्र आहे हे पाटी वाचल्याशिवाय कळणारच नाही. माझ्या शेजारी एक कॉलेजची पोरगी मैत्रिणीला म्हणाली की हे तर हॉटेलच्या रूममध्ये लावतात तसलं वाटतंय, आणि मनातल्या मनात मला ते पटलं पण.

आई मात्र हलेना. आधी लांबून बघितलं, मग चष्मा डोक्यावर सरकवून एकदम जवळ गेली, एवढी जवळ की गार्डनं "मॅम, प्लीज" म्हटलं. मग एक पाऊल मागं सरकून हात पाठीमागं बांधून उभी राहिली, पेपर तपासताना वर्गात फिरायची तशी. आणि मला म्हणाली, "माणूस बघ कुठं टाकलाय. तो नसता तर झाडं किती उंच ते कळलं असतं का? हे शिकवल्याशिवाय येत नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "प्रतिबिंबाचा रंग झाडापेक्षा एक पायरी उतरवलाय, पोरं नेमकं तिथंच चुकतात, झाड आहे तसंच उलटं काढतात." आणि मग इकडंतिकडं बघून एकदम: "याच्या मास्तरांचं चित्र कुठाय?"

मी म्हटलं, कुठले मास्तर?

"अगं, हे एकट्याचं काम नाहीये. शेजारी कोणीतरी उभं होतं."

आणि ते खरं होतं हो! शेजारी कोणीतरी उभं होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं, पाटीवर नाव होतं ते मी वाचलंच नव्हतं नीट.

त्यांचं नाव युजीन बूदँ. ही स्टोरी मी नंतर वाचली आणि मोनेच्या सगळ्या स्टोऱ्यांमध्ये मला हीच सगळ्यात आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मोने जन्मला पॅरिसला, 14 नोव्हेंबर 1840, पण पाच वर्षांचा असताना घरचे ल आव्रला आले, नॉर्मंडीतलं बंदर. वडील नातेवाइकांच्या किराणा-मालाच्या घाऊक धंद्यात, जहाजांना माल पुरवायचा वगैरे. घरी त्याला ऑस्कर म्हणायचे. शाळेत लक्ष नाही, वह्यांच्या समासात मास्तरांची चित्रविचित्र तोंडं काढायची, आणि यातूनच पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत तो गावातला चक्क नावाजलेला व्यंगचित्रकार झाला. गावातले वकील, दलाल, व्यापारी, मोठं डोकं आणि खाली काडीएवढं अंग अशी चित्रं, खाली सही 'ओ. मोने'. त्याच्याच सांगण्याप्रमाणे एकेका चित्राचे दहा-वीस फ्रँक घ्यायचा. ही चित्रं लागायची कुठं, तर एका फ्रेमवाल्याच्या दुकानाच्या खिडकीत, रविवारी लोक गर्दी करून बघायचे आणि हा बाजूला उभा राहून फुगायचा. त्याच खिडकीत त्याच्या व्यंगचित्रांच्या वर बूदँची समुद्राची चित्रं लटकलेली असायची आणि ऑस्करला ती अजिबात आवडायची नाहीत. भयंकर वाटायची म्हणे. त्या बूदँची ओळख करून देतो असं दुकानदार म्हणायचा तेव्हा हा टाळायचा.

बूदँ तेव्हा तेहेतीस-चौतीसचे. समोरच्या तीरावरच्या ऑंफ्लर गावचे, नावाड्याचा मुलगा, लहानपणी स्वतः बोटीवर पोऱ्या म्हणून काम केलेलं. गंमत म्हणजे ते दुकान एकेकाळी त्यांचंच होतं, भागीदारीतलं, फ्रेमा आणि स्टेशनरीचं, मग चित्रं काढायची म्हणून सोडून दिलं. शेवटी एकदा दुकानात दोघं समोरासमोर आलेच. बूदँनी त्याच्या व्यंगचित्रांचं कौतुक केलं, आणि म्हणाले की एवढ्यावर थांबू नको, बघायला शीक, रंगवायला शीक, लँडस्केप कर. आणि माझ्याबरोबर बाहेर चल. ऑस्करनं कारणं सांगून टाळलं. परत बोलावलं, परत टाळलं. असं बरेच दिवस चाललं. मग 1858 च्या उन्हाळ्यात टाळायला कारणं संपली असावीत, गेला एकदाचा. गावाबाहेर काही किलोमीटरवर रुएल म्हणून ओढ्याकाठचं खेडं, तिकडं.

तिथं बूदँनी घोडी (कॅनव्हास ठेवायचा स्टँड, ईझल) लावली आणि काम सुरू केलं. हा आधी नुसता बघत होता. आणि मोनेनंच म्हातारपणी सांगितलंय की बघता बघता डोळ्यांवरचा पडदा फाटावा तसं झालं, चित्रकला काय असते ते कळलं.

आता मोने मुलाखतीत जरा तिखट-मीठ लावून सांगणारा माणूस होता हे मान्य. पण चित्र पुरावा म्हणून समोर आहेच ना. हे तेच चित्र. त्याच वर्षी ल आव्रच्या नगरपालिकेच्या प्रदर्शनात ते लागलं आणि हे त्याचं लोकांसमोर आलेलं पहिलं तैलचित्र. दीड वर्षापूर्वी, जानेवारी 1857 मध्ये, त्याची आई गेली होती. हे मी नंतर आईला सांगितलं तेव्हा ती नुसतं "हं" म्हणाली.

मला या सगळ्यात काय लागलं सांगू का. सतरा वर्षांचं पोरगं, लोकांची टर उडवून पैसे कमावणारं, गावात भाव असलेलं, ते पहिल्यांदा असं चित्र काढतं ज्यात कोणाचीच टर नाही. आणि ते इतकं गुणी बाळासारखं आहे! एकही आगाऊपणा नाही. शेजारी मास्तर उभे आहेत, ते सांगतायत तसं काढलंय. आपल्याला मोठ्या चित्रकारांच्या सुरुवातीच्या कामात बंडखोरीच शोधायची सवय लागलीय, "बघा बघा इथंच पुढचा मोने दिसतो" वगैरे, आणि मला तर ते इथं काही दिसत नाही. इथं एक चांगला विद्यार्थी दिसतो. मला तेच भारी वाटतं. बंड नंतर झालं, त्याला वेळ होता.

आणि बूदँचं म्हणणं काय होतं ते पण बघण्यासारखं आहे, कारण त्या काळात ते जरा उलटंच होतं. बाहेर जाऊन काढायचं ते कच्चं काम, स्केच, आणि खरं चित्र स्टुडिओत बसून करायचं अशी पद्धत. बूदँ म्हणायचे की जागेवर थेट जे रंगवलं जातं त्याच्यात जो जोर असतो, जी टवटवी असते ती स्टुडिओत परत सापडत नाही. स्वतः ते पेस्टलमध्ये नुसत्या आकाशाची ढीगभर चित्रं करायचे आणि त्यावर तारीख, वेळ आणि वारा कुठला तेही लिहून ठेवायचे. कवी बोदलेरनं 1859 मध्ये ती बघितली आणि भारावून लिहिलं की नुसतं चित्र बघून ऋतू, तास आणि वारा ओळखता येतो.

बाहेर जाणं शक्य झालं त्याला एक साधं कारण पण आहे, रंगाची ट्यूब. 1841 मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं चेपता येणारी पत्र्याची ट्यूब काढली. त्याच्या आधी तेलरंग कशात ठेवायचे तर डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत, टाचणीनं भोक पाडून रंग काढायचा आणि मग ते भोक धड बंद व्हायचं नाही. हे मी आईला सांगितल्यावर तिनं एवढं तोंड वाकडं केलं. तिच्या कपाटात अजून कॅमलच्या ट्यूब आहेत, शेपटाकडून घट्ट गुंडाळत आणलेल्या, टूथपेस्टसारख्या, शेवटचा थेंब निघेपर्यंत फेकायच्या नाहीत.

पुढचं थोडक्यात. वडिलांनी ल आव्रच्या नगरपालिकेकडं स्कॉलरशिपसाठी अर्ज केला, पॅरिसला शिकायला. याच पालिकेनं काही वर्षांपूर्वी बूदँना तीन वर्षांची स्कॉलरशिप दिली होती. ऑस्करला नाकारली. कारण काय, तर व्यंगचित्रांचा हात एवढा सहज चालतो की पोरगा गंभीर कामाकडं वळेल की नाही शंका आहे! म्हणजे ज्याच्यावर नाव कमावलं तेच आडवं आलं. मग तो व्यंगचित्रांतूनच साठवलेल्या पैशांवर 1859 मध्ये पॅरिसला गेला. मग अल्जीरियात सैन्यात, आजारी पडून परत, योंगकिंड नावाच्या डच चित्रकाराची ओळख, 1865 मध्ये सलों म्हणजे पॅरिसच्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात समुद्राची दोन चित्रं लागली, त्यातलं ओहोटीच्या किनाऱ्याचं चित्र त्या दिवशी आम्ही पुढच्या खोलीत बघितलं, आणि तिथं मात्र आई म्हणाली, "हां, आता हा स्वतः बोलायला लागला."

आणि 'इम्प्रेशन, सनराइज', ज्याच्यावरून चित्रकारांच्या सगळ्या चळवळीला इम्प्रेशनिझम हे नाव पडलं, ते पण ल आव्रचंच, 1872 चं, हॉटेलच्या खिडकीतून दिसणारं बंदर. रुएलपासून तिथपर्यंत अंतर काही किलोमीटर, पण जायला चौदा वर्षं लागली. ते ज्यात लागलं ते प्रदर्शन पॅरिसमध्ये 1874 ला नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत झालं, लोक हसले, त्यात बूदँची पण चित्रं होती. हे मला आधी अजिबात माहीत नव्हतं. मास्तर पन्नाशीला आलेले, विद्यार्थ्याच्या गँगमध्ये भिंतीवर शेजारी. बूदँ 1898 मध्ये गेले. मोनेनं पुढं ऐंशीच्या घरात असताना सुद्धा लिहून ठेवलंय की सगळं बूदँचं देणं आहे. एवढं जाहीर श्रेय देणारा विद्यार्थी आईला तिच्या पस्तीस वर्षांत एक मिळाला, तो पण आता मुंबईत साइनबोर्ड करतो आणि दर गुरुपौर्णिमेला फोन करतो.

त्या चित्रातलं जग आता फारसं उरलं नाहीये. सप्टेंबर 1944 मध्ये बॉम्बहल्ल्यात ल आव्र जवळपास सपाट झालं, मग ऑग्युस्त पेरे या आर्किटेक्टनं सगळं काँक्रीटमध्ये नव्यानं उभं केलं आणि 2005 पासून ते काँक्रीटचं शहर युनेस्कोच्या यादीत आहे. फ्रेमवाल्याची खिडकी वगैरे शोधायला जाऊ नका. रुएल आता ल आव्रचाच भाग आहे, तिथं मोठं पार्क आहे. आणि चित्र? चित्र फ्रान्समध्ये नाहीचये. ते जपानमध्ये, टोकियोजवळ सायतामात, मारुनुमा आर्ट पार्कच्या संग्रहात असतं. त्याच संग्रहात अँड्र्यू वायथ या अमेरिकन चित्रकाराची वॉटरकलर पण आहेत पुष्कळ, आता अमेरिकेतल्या मेन राज्यातलं शेत आणि नॉर्मंडीतला ओढा जपानमध्ये एका छपराखाली, कसं काय कोण जाणे. म्हणजे आम्ही ते बघितलं तो योगच म्हणायचा, नाहीतर आमचं जपानला कुठलं जाणं होतंय.

बाकी प्रदर्शन आम्ही दीड तासात बघितलं पण त्या पहिल्या चित्राकडं आई तीनदा परत गेली. तिसऱ्यांदा मी बाकावर बसून राहिले आणि लांबून बघत होते. तिकिटाच्या मागं झाडं काढायला तिनं तेव्हाच पेन्सिल मागून घेतली, म्युझियममध्ये पेन चालत नाही म्हणून गार्डनंच आणून दिली, तोच मगाचा गार्ड. झाडं काढताना ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती, मला वाटलं देवाचं, नंतर कळलं की ती अंतरं मोजत होती.

घरी आल्यावर रात्री भांडी घासून झाल्यावर आयपॅडवर तिला बूदँची पेस्टल शोधून दिली. मास्तरांचं चित्र पाहिजे होतं ना, घ्या. ती ढगांची चित्रं अशी एकामागून एक सरकवत राहिली, अकरा वाजले, नवरा झोपला, मी पण जांभया देतेय. ती म्हणाली, "यांचं आकाश त्याच्यापेक्षा चांगलंय." मी म्हटलं त्या वेळचा मोने सतरा वर्षांचा होता गं. "मग मी काय म्हणतेय, त्या वेळी मास्तरांचंच चांगलं असणार. पोराचं नंतर चांगलं होतं. तोवर मास्तरांनी गप्प बसायचं असतं आणि घोडी धरायची असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीतल्या तिच्या पार्किंगच्या चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं: "7 वाजून 20 मि., ढगाळ, वारा पश्चिम." पश्चिम कुठली हे तिनं मला विचारून खात्री करून घेतली होती, कारण तिच्या मते अमेरिकेत सूर्य नीट उगवत नाही.

तेव्हापासून ही सवय लागलीच. आता सांगलीहून व्हॉट्सॲपवर कृष्णेच्या घाटाची चित्रं येतात, आयर्विन पूल, पलीकडचा मळा, कधी नुसतंच आभाळ, आणि प्रत्येकावर तारीख, वेळ, वारा. गेल्या आठवड्यात आलेल्यावर वाऱ्याची जागा रिकामी होती आणि खाली मेसेज: "अजिबात हलत नव्हता. तुझ्या फोनमध्ये सांगलीचा वारा दिसतो का बघ आणि लिहून पाठव, मी भरते."